पाचवीनंतरचा कागद

बाळांच्या कक्षात शिरण्याआधी त्या हात धुवायच्या आणि हात धुताना बोर्डी-डहाणू बसचे थांबे म्हणायच्या. बोर्डीला तळवे, घोलवडला बोटांच्या बेचक्या, चिखल्याला अंगठे, नरपडला नखं, आगरला मनगटं, आणि डहाणू आलं की नळ बंद. मध्येच कुणी "मॅडम, एक सही हवी होती" म्हणत आलं, तर त्या मान न वळवता म्हणायच्या, "बस चुकली." आणि पुन्हा बोर्डीपासून सुरुवात. सहीसाठी आलेला माणूस दुसऱ्यांदा डहाणू येईपर्यंत तसाच उभा.

त्या सोनोग्राफीच्या डॉक्टर होत्या. राहायला बोर्डीला, चिकूच्या वाडीत. सकाळच्या पहिल्या बसने यायच्या. डहाणू रोडजवळच्या एका धर्मादाय रुग्णालयात काही काळ आम्ही दोघी एकत्र होतो. त्यांच्या नोकरीची शेवटची वर्षं, माझी पहिली. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या आयांशी बोलणं, त्यांना दूध काढायला, बाळाला छातीशी धरायला शिकवणं हे माझं काम. अशा बाळांचा मेंदू बघणं हे त्यांचं.

सुती साडीवर त्या पुरुषी पांढरा शर्ट घालायच्या. त्याच्या एका खिशात चष्मा आणि दुसऱ्यात चिकू. डावी काख कायम घट्ट मिटलेली, कारण तिथे जेलची बाटली असायची. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या टाळूवर थंड जेल पडलं की ते दचकतं, श्वास रोखतं, म्हणून बाटली अंगाच्या उबेवर ठेवायची. रुग्णालयाने त्यांच्यासाठी जेल गरम करायचं उपकरण आणलं. दोन दिवस त्यांनी त्यावर चिकू पिकत ठेवले आणि मग ते परत पाठवलं. बाटली काखेत धरून त्या सही करायच्या, फोनवर बोलायच्या, औषधाच्या दुकानदाराशी गुजरातीत भांडायच्या. एक पंख दुखावलेल्या कोंबडीसारख्या त्या व्हरांड्यातून चालायच्या. मी हे त्यांना एकदा बोलून दाखवलं. "कोंबडीच उबवते," त्या म्हणाल्या. "तुमची पत्रकं नाही उबवत."

मला त्या पत्रकबाई म्हणायच्या. त्याला कारण होतं. तळासरीच्या पलीकडच्या आमच्या घरात बाबांच्या संघटनेची पत्रकं गठ्ठ्याने पडलेली असत. त्यांच्या मथळ्यांवरून मी अक्षरं गिरवली. कुडाच्या भोकांना तीच लावलेली, डब्याच्या तळाशी तीच. एक पत्रक तर आमच्या दारावरच चिकटवलेलं होतं: अंगठा लावण्याआधी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावा. आमच्याकडच्या जमिनी कागदाने गेल्या आणि ज्या परत आल्या त्या कागद मागितल्यामुळे आल्या. ज्याच्याबद्दल कागद आहे त्याच्या हातात तो पडला पाहिजे, याबद्दल मला कधी शंका वाटली नाही. आजही वाटत नाही. पण कधी आणि कसा, हे मला त्या बाईंकडून शिकावं लागलं, आणि ते शिकताना एक बाळ जवळजवळ गेलं होतं.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. पहिल्या काही दिवसांत त्या फुटून आत रक्त येऊ शकतं. टाळू अजून मऊ असते, हाड मिटलेलं नसतं, म्हणून तिथून आत बघता येतं. त्या पंखा बंद करायच्या, एसी बंद करायच्या, यंत्र ढकलत बाळाच्या खाटेशी न्यायच्या आणि घामाने निथळत, दोन बोटांत धरलेलं यंत्राचं टोक टाळूवर इतकं अलगद टेकवायच्या की बाळाची झोप मोडायची नाही. "चालो शेठ, जरा घर दाखवा," असं त्याला म्हणायच्या. मुलगी असली तर शेठाणी. पडद्यावर हातपंख्यासारखा एक करडा आकार उघडायचा आणि त्याच्यात मेंदू.

"काळं दिसतं ते पाणी, पांढरं दिसतं ते रक्त," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

"पण हा तर अगदी गुळगुळीत दिसतो. मेंदूला वळ्या असतात ना?"

"सातव्या महिन्यात कुठल्या वळ्या? शेत आहे, नांगर अजून फिरायचाय. तो आईच्या पोटात फिरला असता. आता इथे फिरेल, आपल्यासमोर." मग माझ्याकडे वळून, "ही भट्टीवरच्या आईची ना? आठव्या महिन्यापर्यंत विटा उचलणार होती, ती सातव्यातच थकली. हे घ्या तुमच्या पत्रकात."

अशा वेळी मला त्या फार आवडायच्या. आणि त्याच दिवशी दुपारी त्यांचा रागही यायचा, कारण आयांशी त्या एकच शब्द बोलायच्या: बघू. काळजीने अर्धी झालेली बाई दारात उभी असायची, "बाय, माझ्या पोऱ्याचं काय?" म्हणून विचारायची, आणि या बाटली काखेत सावरत म्हणायच्या, "बघू." कक्षातल्या सिस्टर त्यांना मागून बघूबाई म्हणत.

"मॅडम, तुम्ही तिला काहीच सांगितलं नाहीत," मी एकदा त्यांना गाठून म्हटलं.

"बघू म्हटलं ना."

"बघू म्हणजे काय? बाळ तिचं आहे. तिचा हक्क आहे."

"हक्क आहे, पत्रकबाई. उत्तर नाहीये. मला आज रक्त दिसतं. ते पोर उद्या चालेल का, शाळेत जाईल का, ते त्या पडद्यावर दिसत नाही."

"मग एवढं तरी सांगा."

"तुम्ही सांगून बघा एकदा. 'डॉक्टरला माहीत नाही' हे वाक्य ऐकल्यावर ती बाई इथे थांबते का बघा."

आणखी एक नियम त्यांनी केला होता, आणि तो मला त्याहून खटकायचा. बाळाची पाचवी होईपर्यंत घरच्यांना मेंदूचा कागद द्यायचा नाही. तपासणी तिसऱ्या दिवशी करतील, चौथ्या दिवशी करतील, बाळावर काही करायला हवं असेल तर बाळांच्या डॉक्टरांना त्याच मिनिटाला सांगतील. पण लेखी कागद सहाव्या दिवशीच. कारण विचारलं की, "माझी पद्धत आहे." पाचवीला सटवी येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते असं आमच्या गावांत मानतात. बाळाजवळ कोरा कागद आणि पेन्सिल ठेवतात. शिकलेली डॉक्टर असल्या गोष्टीसाठी कागद अडवून ठेवते, हे मला गरिबांना अंधारात ठेवण्याचं सोवळं रूप वाटायचं.

त्या थंडीत तळासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून एक बाळ आलं. मुलगा, तेराशे ग्रॅमचा. बाप गुजरातच्या हद्दीजवळच्या कारखान्यात कंत्राटावर, आई अठरा-एकोणीस वर्षांची, आणि तिची सासू. ही आजी म्हणजे ताठ पाठीची, कमी बोलणारी बाई. सिस्टरांनाही तिचा धाक. चौथ्या दिवशी मॅडमनी बाळाचा मेंदू पाहिला. डाव्या बाजूला थोडं रक्त होतं. त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि दारात उभ्या आजीला म्हणाल्या, "बघू."

पाचव्या दिवशी आजीने सिस्टरच्या परवानगीने बाळाच्या गादीखाली घडी केलेला कोरा कागद आणि पेन्सिलीचा तुकडा सरकवला. मी ते पाहिलं. संध्याकाळी घरी निघण्याआधी मी मॅडमची वही उघडली, एका स्वच्छ कागदावर मोठ्या, सुवाच्य अक्षरांत मराठीत लिहिलं: "बाळाच्या मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव झाला आहे." गादीखालचा कोरा कागद आणि पेन्सिल काढून कचऱ्यात टाकली, त्याच्या जागी माझा कागद ठेवला. देवीची वाट कशाला बघायची, यंत्राने दाखवलं ते वाचा, असा माझा विचार. सकाळी आल्यावर बापाला समजावून सांगू असं मनाशी ठरवलं आणि समाधानाने बस पकडली.

मी सकाळी आले तेव्हा खाट रिकामी होती.

शेजारच्या खाटेवरच्या बाळाच्या आईने सांगितलं. पहाटे आजी आत आली, गादीखाली हात घातला, कागद उघडला आणि तो लिहिलेला पाहून मटकन खाली बसली. बापाने वाचून दाखवलं. मेंदूत रक्त. "कोरा ठेवला व्हता, लिवून आला," एवढंच आजी म्हणाली. मग कुणाचंच त्यांनी ऐकलं नाही. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो म्हणून बापाने सही केली, सिस्टर हात जोडत होती तरी बाळाला आईच्या पदरात गुंडाळून ते गेले. लिहिलेलं बदलत नाही. मग परक्या जागी नळ्या लावून कशाला, आपल्या घरी जाऊ दे, असा त्यांचा हिशेब.

तेवढ्यात मॅडम आल्या. नळाशी उभ्या राहून थांबे म्हणू लागल्या होत्या; चिखल्यापर्यंत आल्या होत्या. मी जाऊन सगळं सांगितलं. कोऱ्या कागदाचंही. त्या "बस चुकली" म्हणाल्या नाहीत. नळ बंद केला, हात शर्टाला पुसले आणि विचारलं, "पाडा कुठे? गाडी जाते का तिथे?"

अर्ध्या तासात आम्ही रुग्णालयाच्या ॲम्ब्युलन्समध्ये होतो. निघण्याआधी मी म्हटलं, "छोटं यंत्र बरोबर घेऊ. त्यांना तिथेच दाखवू, रक्त थोडंच आहे ते."

"ते यंत्र कायद्याने या इमारतीबाहेर जात नाही. पोटातल्या मुली वाचाव्यात म्हणून तुमच्यासारख्यांनीच तो कायदा भांडून आणला, आणि बरं केलं. आता शेठनाच यंत्राकडे यावं लागेल."

तळासरी मागे पडलं. मॅडम खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "फार वर्षांपूर्वी मी असाच कागद चौथ्या दिवशी हातात दिला होता. ते सटवीचंच लिखाण समजून दुसऱ्या दिवशी बाळ घरी नेलं. मी गेले, पण दोन दिवसांनी गेले." पुढे काय झालं ते विचारायची माझी छाती झाली नाही.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तेच मीही विचारते आहे स्वतःला." मग माझ्याकडे वळल्या. "ऐका. तिथे मी बोलणार. म्हातारीला सांगायचं, सटवीने अर्धंच लिहिलंय, उरलेलं आम्ही घेऊन आलोय. ते लिहून देऊ. रक्त जिरेल, बाळ जगेल. ती लगेच उठेल."

"मी देवीच्या नावाने खोटं बोलणार नाही."

"तुम्ही नका बोलू. मी बोलते."

"तुम्हीही नाही. आमच्या लोकांना आतापर्यंत सगळ्यांनी असंच सांगितलंय. तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगतो म्हणायचं आणि फसवायचं."

"आणि बाळ मेलं, तर तुमचं खरं कुणाला सांगाल?"

ड्रायव्हरने आरशातून आम्हा दोघींकडे पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

रस्ता संपला तिथून भाताच्या कापलेल्या शेतातून चालत गेलो. मॅडमची काख सवयीने मिटलेली होती, बाटली नसतानाही. घरात चुलीजवळ सुपात चिंध्या घालून बाळ ठेवलं होतं. आई कापसाच्या वातीने त्याच्या ओठांवर दूध सोडत होती. ते हलत होतं. मॅडम सरळ त्याच्यापाशी बसल्या, पायाला हात लावला, आणि त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. पाय गार होते.

आजी दाराला टेकून बसली होती. तो कागद तिच्या मांडीवर होता.

"कशाला आलीस, बाय?" ती मॅडमना म्हणाली. "तुझा काय दोष नाय. लिवलं तं लिवलं."

मॅडमनी तोंड उघडलं. त्या काय बोलणार ते मला माहीत होतं. मी त्यांच्या आधी बोलले.

"आजी, हे मी लिहिलंय."

आईच्या हातातली वात थांबली.

"तुमचा कोरा कागद मी काढून टाकला. हा मी ठेवला. सटवीने नाही. मी काल संध्याकाळी, माझ्या हाताने."

आजीने मांडीवरचा कागद उचलून माझ्यापुढे धरला. मग मुलाला म्हणाली, "पेन दे तिला." बापाने खिशातून पेन काढलं. "लिव. त्याच्याच खाली. तसंच लिव."

मी मांडीवर कागद घेऊन तेच वाक्य पुन्हा लिहिलं. अक्षर तेच उमटलं. आजीला वाचता येत नव्हतं. तिने कागद डोळ्यांजवळ धरला, बोटाने वरचा 'म' आणि खालचा 'म', वरचा 'र' आणि खालचा 'र' चाचपत राहिली. मग कागद खाली ठेवला.

"माझ्या नातवाच्या कपाळी लिवनारी तू कोन गं?"

"कुणी नाही. चुकलं माझं."

"चुकलं म्हनते! देवीची जागा घेतलीस आन् चुकलं म्हनते. कुठची तू?"

मी माझ्या गावाचं नाव सांगितलं. ते ऐकून तिला आणखीच राग आला. "आपल्यातली हायस, तरी?" परक्या बाईने केलं असतं तर तिने सोडून दिलं असतं, असं मला वाटलं. मग ती मॅडमकडे वळली. "ही पोर खुळी हाय. तू सांग. वाचंल का?"

मी मॅडमकडे पाहिलं. दारात उभ्या राहून कितीतरी आयांना त्यांनी ज्या शब्दावर परत पाठवलं होतं, तो शब्द त्यांच्या ओठांवर आला असावा. त्या जमिनीवर मांडी घालून नीट बसल्या.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "जे माहीत आहे ते सांगते. रक्त आहे, हे खरं. थोडं आहे. एवढं रक्त बहुतेक बाळांचं आपोआप जिरतं. या रक्ताने तो मरेल असं मला वाटत नाही. पण आजी, पाय बघा त्याचे. इथे ठेवलात तर थंडीने मरेल. आजच मरेल. तिथे नेलात तर वाचायची आशा आहे. पुढे चालेल, बोलेल, ते मला सांगता येत नाही. पुन्हा पुन्हा बघावं लागेल."

इतकं लांब बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आजी उठली. सुपाशी गेली, बाळाचा पाय स्वतःच्या गालाला लावून पाहिला. मग लुगड्याचा पदर सोडला, बाळाला उघडं करून आपल्या छातीशी धरलं, वरून पदर घट्ट आवळला आणि म्हणाली, "गाडी कुठं उभी केलीस?"

सुनेने दुधाची वाटी उचलली. शेतातून आम्ही मागे, आजी पुढे. गाडीत तिने माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलेलं दिसत होतं. डहाणू दिसू लागल्यावर मात्र म्हणाली, "तो कागद घरीच ऱ्हायला," आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला चहाला बसवलं. मी राजीनामा लिहून आणला होता. त्यांनी तो वाचला, त्यावर चिकू सोलला आणि सालींसकट कागद टोपलीत टाकला. "अर्धी चूक माझी. नियम केला, कारण सांगितलं नाही. साहेब लोकांबद्दल तुमच्या पत्रकांत हेच असतं ना?"

"हेच असतं."

"मग लिहा एक. माझ्यावर."

तसं पत्रक मी लिहिलं नाही. पण नियमाचं कारण त्यांनी सगळ्यांना सांगितलं, सिस्टरांना, झाडूवाल्या मावशींनासुद्धा. कागद पाचवीनंतरच द्यायचा हे कायम राहिलं. आता मीच आयांना विचारते, पाचवी झाली का? मात्र कागद नुसता दिला जात नाही. तो बसून वाचायचा, काय दिसलं ते सांगायचं आणि काय दिसत नाही तेही सांगायचं. पहिल्यांदा हे करताना मॅडम इतक्या अवघडल्या की त्यांनी यंत्राचीच माहिती दिली. हळूहळू जमलं. 'बघू' त्यांनी सोडलं नाही, पण त्याच्यापुढे कधी आणि काय बघायचं ते जोडायला लागल्या. आता त्या निवृत्त आहेत. मी बोर्डीला गेले की मला आधी हात धुवायला लावतात.

आजीचा नातू आमच्याकडे दोन महिने राहिला. मधे दोनदा त्याचा श्वास अडला, एकदा जंतुसंसर्ग झाला. आजी हटली नाही. दिवस पूर्ण भरायची तारीख आली तेव्हा मॅडमनी पुन्हा त्याचा मेंदू पाहिला, या वेळी आजीला आणि आईला शेजारी उभं करून. पडद्यावर डावीकडचं पांढरं गेलं होतं. मेंदूभर वळ्यांच्या रेघा उमटल्या होत्या.

"रक्त जिरलं," मॅडम म्हणाल्या. "आत काही बिघडलेलं दिसत नाही. चालायला थोडा उशीर करेल कदाचित, कदाचित नाही करणार. मला इथून दिसत नाही. आणत राहा."

"तुला नाय दिसत?"

"नाही."

आजीने माझ्याकडे पाहिलं. "आन् हिला?"

"हिला तर त्याहून नाही," मॅडम म्हणाल्या.

आजी बाळाच्या टाळूवरचं जेल पदराने पुसत होती. अगदी सावकाश, बोट न टेकवता. "मंग कोनीच लिवलं नाय म्हनायचं अजून," ती म्हणाली, आणि सुनेला टोपडं द्यायला सांगितलं.